मैदानातलं शिसं आणि आमचे साडू

आमच्या साडूंइतका मातीला घाबरणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. मूळचे पाथर्डीकडचे, बापजाद्यांची हयात ढेकळं फोडण्यात गेली, आणि हे गृहस्थ केळं सोलायच्या आधीसुद्धा साबणाने हात धुतात. रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले खरे, पण शिकवणं काही सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी पाहुण्याला "नखं दाखवा बरं" म्हणणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आमच्याकडे आले की चपला बाहेर, मोजे बाहेर, आणि एकदा तर आमचं पायपुसणंच त्यांनी चिमटीत धरून अंगणात नेऊन टाकलं. "अहो साडूभाऊ, ही धूळ लई वंगाळ!" बायको म्हणते, यांच्याशी संसार केला म्हणून ताईचा जाहीर सत्कार करायला हवा.

पण एकदा त्यांचं वेड खरं निघालं. त्यांच्या घरामागेच शाळेचं मैदान. त्यांची नात तिथे खो-खो खेळायची, मुलींच्या संघाची कप्तान. मैदानाच्या भिंतीला लागून पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायची दुकानं होती. साडूंनी माती पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवली आणि उत्तर आलं, मातीत नको तेवढं शिसं आहे. ते तडक शाळा समितीपुढे जाऊन उभे राहिले. "पोरी सूर मारतात आणि तेच हात तोंडात घालतात. शिसं लेकरांच्या मेंदूला खातं. वरची माती काढा, नवी टाका."

समितीचे अध्यक्ष जुने पैलवान. "माती बिघडली व्हय? आमी तालमीत काय करतो गुरुजी? हळद, ताक, तेल, लिंबू. माती कशी लोण्यावानी हुती!" झालं! आठवड्याच्या आत टेम्पोने ताकाचे कॅन आले, हळदीची पोती आली, मुख्याध्यापकांनी नारळ फोडला, फोटो निघाले. साडू घसा फोडून सांगत होते, "अहो, शिसं ताकानं जात न्हाई!" अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मग लिंबं वाढवू." पुढे कितीतरी दिवस मैदानाला आंबूस वास होता आणि गल्लीतली झाडून सगळी कुत्री तिथे मुक्कामाला होती.

साडूंनी पुन्हा माती तपासून घेतली. शिसं जिथल्या तिथे, वर हळद. पेपरात बातमी आली तेव्हा शाळा घाबरली आणि तिने सर्वांत सोपा उपाय केला, मैदानाला कुलूप ठोकलं. माती आत, शिसं आत, पोरी तेवढ्या बाहेर! जिल्ह्याचे सामने तोंडावर आलेले. नातीने विचारलं, "आजोबा, मग आम्ही खेळायचं कुठे?" सराव बुडाला. संघ सामन्यांना गेलाच नाही. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेना.

परवा गेलो, तर साडू मागच्या खिडकीत बसलेले. मैदानात गवत माजलंय.

"माझं चुकलं का हो?"

"मुळीच नाही."

"मग तिला सांगा की जरा. तुमचं ऐकती ती."

आत गेलो. नात अभ्यासाला बसली होती. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "ते बरोबर आहेत, मला कळतं. पण मी शाळेवर रुसले तर शाळेला काय फरक पडणार? आजोबांना तरी पडतो."

बाहेर येऊन मी त्यांच्याजवळ खिडकीत बसलो. "तुम्ही बरोबर आहात म्हणाली," एवढंच सांगितलं.