खराडीच्या साइटवरची बादली

मंडळी, सासूबाई दृष्ट काढायला लागल्या की मीठ-मोहऱ्या वाया चालल्या म्हणून कुरकुरणारी बाई मी. भुतंखेतं, चाहूल, आभास... या सगळ्यावर माझं एकच उत्तर असायचं — झोप पूर्ण करा. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय. पण जे घडलं ते घडलं.

मी राहते कसबा पेठेत आणि काम करते दूषित जमिनी साफ करण्याचं. म्हणजे जुना कारखाना पाडून तिथे इमारत बांधायची असेल, तर जमिनीत मुरलेलं विष आधी शोधून काढायचं. गेल्या वर्षी खराडीत अशीच एक साइट होती. पूर्वी तिथे नळांना क्रोम चढवायचा कारखाना होता. मालक केव्हाच गेलेला, नकाशे अर्धवट. आता तिथे सोसायटी होणार होती आणि मागच्या कोपऱ्यात मुलांचं पाळणाघर.

ठिकठिकाणी खड्डे घेऊन माती तपासली, खराब निघाली ती बंद ट्रकमधून विल्हेवाटीला पाठवली. नंतरचे रिपोर्ट स्वच्छ आले. एकच गोष्ट खटकत होती. उताराच्या खालच्या वस्तीत बोअरचं पाणी पिवळं यायचं, ते अजून तसंच होतं. वस्तीतल्या रेखाताई मला गेटवर गाठून विचारायच्या, "मॅडम, पाणी कधी सुधरंल ओ?" मी म्हणायचे, "माती काढलीये, हळूहळू सुधारेल." मला खरंच तसं वाटत होतं.

एका शनिवारी दुपारी मी आणि आमची केमिस्ट वैशाली शेवटची फेरी मारत होतो. वैशाली यवतमाळची, कामाला चोख. जेवणाची सुट्टी होती, पोकलेन बंद, कामगार पलीकडे शेडमध्ये. पाळणाघराच्या कोपऱ्यात पोचलो आणि मला आवाज आला... कप्पी कुरकुरल्याचा. मग दोर सरसर सुटल्याचा. मग बादली पाण्यावर आपटल्याचा — धप्प!

ऊन डोक्यात गेलं असेल, असं मनाशी म्हणत पुढे चालू लागले. तेवढ्यात वैशाली थांबली.

"मॅडम, इथं कोणी पाणी काढून राहिलं का?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भरलेली बादली वर येताना पाणी हिंदकळतं ना, तो आवाज आम्ही दोघींनी ऐकला. अगदी पायाखालून. भीती वाटली का? वाटली. पण आवाज भयंकर नव्हता हो. कुणीतरी घरचं पाणी भरतंय, इतका साधा होता.

जमीन स्वच्छ असल्याच्या दाखल्यावर माझी सही झाली की सोमवारी तिथे काँक्रीट पडणार होतं. मी प्रोजेक्ट मॅनेजर कुलकर्णी सरांना फोन केला — इथे अजून एक खड्डा घ्यायचाय.

"रिपोर्ट स्वच्छ आहेत ना मॅडम? मग कारण काय?"

मी खरं ते सांगून टाकलं.

"छान. म्हणजे आता वर सांगू, भूत पाणी भरतंय म्हणून काम थांबवलं?"

"वर सांगा, मॅडम सही करत नाहीत. तेवढं पुरे."

काही निघालं नसतं तर पुन्हा कुणी मला साइटवर उभं केलं नसतं.

सोमवारी सर स्वतः येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. पोकलेनने वरचा मुरूम काढला, मग विटांचा राडारोडा. मग घडीव दगडांची गोलाई दिसली. विहीर! आणि आत काठोकाठ भरलेली, कारखान्याच्या टाकाऊ रसायनांची गंजलेली पिंपं आणि पिवळाजर्द गाळ. आमचे आधीचे खड्डे तिच्या आजूबाजूने गेले होते. सगळ्यांना मागे घेतलं, मास्क चढवले. सर फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, किती दिवस लागतील ते सांगा. काँक्रीटचं मी बघतो."

पिंपं निघाली, गाळ निघाला, झिरपलेलं पाणी उपसून प्रक्रियेला गेलं. पाळणाघराची जागा बदलली. पावसाळा सरल्यावर एक दिवस रेखाताई काचेचा ग्लास घेऊन गेटवर आल्या. "बघा की मॅडम, आरपार दिसतंय!" मी म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत प्यायचं नाही हं. त्या हसल्या, "आवो, नुसतं बघू तर द्या." पुढे रिपोर्टही चांगला आला. त्या दिवशी वैशाली आणि मी वस्तीत बसून त्याच पाण्याचा चहा प्यायलो.

आवाजाचं मात्र कोडं सुटलं नाही. आसपास विचारलं, कुठेच चालू विहीर नाही. भास म्हणावा तर दोघींना एकच कसा? आणि ती विहीर पिंपांनी गच्च भरलेली... बादली पडायला आत मोकळं पाणीच नव्हतं.

हल्ली नव्या साइटवर माझी सही व्हायच्या आधी कुलकर्णी सर सगळी मशीन बंद करायला लावतात. "मॅडमना जरा ऐकू दे," म्हणतात. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नसतो. मी उभी राहते, कान देते. अजून तरी पुन्हा काही ऐकू आलेलं नाही.