पुनाची मूठ

आमचा अभिमनभाऊ अमळनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. माझा चुलतभाऊ. माणूस सरळ, पण भित्रा. बेडूक बिनधास्त चिरायचा आणि दाढी करायला मात्र न्हाव्याकडे जायचा, तीही डोळे मिटून करून घ्यायचा. आरशात त्याला पुना दिसायचा.

पुना त्याचा जुळा भाऊ. दोघे इतके सारखे, की त्यांची आई, आमची द्रौपदाकाकू, हाक मारून कोण वळतो ते बघायची. पुना ऐन तारुण्यात बिघडला. भिंतीला कान लावून बसायचा. "माले बलाई ऱ्हायनात," म्हणायचा. कोण बोलावतंय ते काही सांगायचा नाही. सत्त्याऐंशी साली तो चाळीसगाव स्टेशनवर उतरला आणि गर्दीत शिरला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

तेव्हापासून अभिमन वाट बघत होता. भावाची नव्हे, आपल्या पाळीची. "जे त्याच्यात होतं ते माझ्यातही आहेच," म्हणायचा. काकूने अन्न सोडलं म्हणून लग्न केलं, पण मूल नको यावर अडून बसला. कमलवहिनी बायकांची बोलणी गिळायची. मला त्याचा भयंकर राग यायचा. एवढा शिकलेला माणूस, आणि स्वतःच्याच रक्ताला भुतासारखा घाबरतो!

शहाण्णव साली पुण्याला प्राध्यापकांचा कसलासा वर्ग झाला. तिथून तो परतला तो वेगळाच. मी शाळेत मराठी शिकवणारा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तरी मला समोर बसवून त्याने वहिनीच्या शिलाई मशीनचं रीळ उचललं.

"पेशीत डीएनएचा धागा असाच प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. घट्ट असेल तिथे तो वाचता येत नाही. मग एन्झाइम येतात. रिळाला बारीक शेपट्या असतात, त्यांवर एक रसायन चिकटवतात. पकड सैल होते, तेवढा भाग उघडतो. दुसरे एन्झाइम तेच रसायन काढून टाकतात, की पुन्हा घट्ट. आता हे एन्झाइम हाती लागलेत. कळतंय तुला? धागा एकच असला, तरी पुनात जे उघडलं ते माझ्यात बंद राहू शकतं!"

"आणि उघडतं कशाने?"

"ते अजून कोणाला नीट माहीत नाही," तो म्हणाला आणि रीळ जागेवर ठेवलं.

पण त्यानंतर तो घरी आरशासमोर दाढी करू लागला. पुढच्या वर्षी वहिनीला दिवस गेले. मला इतका आनंद झाला, की मूल व्हायच्या आधीच मी पेढे वाटले आणि घरी बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

मग श्रावणात कानबाई आली, आमच्या खानदेशातला देवीचा सण. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, म्हणजे जाड पोळ्यांसाठी, आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, पाळण्यातल्या पोराच्याही. रोट फक्त भाऊबंदांच्या घरच्यांनी खायचे. बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचेही नाहीत. पुना गेल्यावरही काकू त्याची मूठ घ्यायची आणि त्याचा वाटा अभिमनच्या ताटात ठेवायची. "तूच खाय. तुम्ही दोन्ही एकच शेतस." तो मान खाली घालून खायचा. इतकी वर्षं तो भावाचा घास गिळत होता, आणि आम्हाला कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

या वेळी त्याने सुपावरच काकूचा हात धरला. "माय, पुनानी मूठ धरू नको."

"मना पुना मरेल नही शे. मूठ कशी सोडू?" काकूने हात सोडवून घेतला आणि गहू घेतले.

जेवताना पुनाचा वाटा ताटात आला तसा अभिमनने तो बाजूला सारला. "मी तो नाही!" आईसमोर त्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. रोट टाकायचा नाही, मग खायचा कोणी?

"आणा इकडे, मला भूक आहे," कमलवहिनी म्हणाली. बिचारीला तेवढंच दिसलं, की भांडण मिटावं. गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीशी तिने तो पुरा खाल्ला.

काकू शेवटच्या घासापर्यंत बघत होती. मग सरकत वहिनीजवळ गेली, तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "मना पुना उना." तिचा पुना परत आला होता, सुनेच्या पोटी. दहा वर्षांत न रडलेली बाई ढसाढसा रडली. वहिनी लाजून हसली. बायकांनी कानबाईची गाणी धरली.

अभिमन हात धुवायला म्हणून उठला होता. बराच वेळ आला नाही, म्हणून मी मागच्या खोलीत गेलो. तो भिंतीला कान लावून उभा होता.

"गाणी ऐकतोस का, भाऊ?" मी विचारलं. दुसरं काही विचारायची मला हिंमत झाली नाही.

"गाणी नव्हेत," तो हळूच म्हणाला. "तुला ऐकू येत नाही?"