वादीच्या पाण्याची तुटलेली रेघ

कल्पना तांबे कोरी जागा भरत नाही. तिच्या ऑफिसात हे आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे. कुणी ते कौतुकानं सांगतं, कुणी कपाळाला हात लावून.

ती मस्कतमध्ये, दार्सैतला राहते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसतात आणि त्यांच्या फटीतून डोंगराचा करडा तुकडा. सोबत आई आहे, हौसाबाई. माणगावच्या पुढे, ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीत हयात गेलेली ही बाई आता संध्याकाळी देवळाच्या रस्त्यानं शेजारणींबरोबर फिरायला जाते आणि कुणाचीच भाषा नीट येत नसताना सगळ्यांची खबर घेऊन परत येते. बाप शिवराम गवंडी होता. मुलीची इंजिनियरिंगची पदवी डोळ्यांनी पाहिली आणि मग तो गेला.

कल्पनाचं काम पाण्याच्या आकड्यांचं. ओमानात डोंगरातून उतरणाऱ्या कोरड्या नदीला वादी म्हणतात. एरवी तिच्यात दगडगोटे, बाभळी आणि बकऱ्या. मग कधीतरी दूर डोंगरात पाऊस पडतो, आणि इथे आभाळ निळं असतानाच पाणी येतं. ते हळूहळू चढत नाही. भिंतीसारखं उभंच येतं.

अशा वाद्यांच्या काठी यंत्रं बसवलेली असतात. ती दर थोड्या वेळानं पाण्याची उंची मोजून पाठवतात. कल्पना ते आकडे संगणकावर लांब रांगेत मांडते. तिच्या धंद्यात त्या रांगेला ॲरे म्हणतात. यंत्र बंद पडलं की आकड्याच्या जागी उणे नऊशे नव्व्याण्णव येतं. म्हणजे यंत्र सांगतं, मला माहीत नाही. हा आकडा तसाच राहिला तर घोटाळा. एका नव्या इंजिनियरनं एकदा तो खरा धरून सरासरी काढली आणि वादी जमिनीच्या कितीतरी खालून वाहते असं निघालं. यंत्रांची दुरुस्ती करणारा यासिर, रत्नागिरीकडचा, त्याला पुढे बरेच दिवस विचारत होता, भाई, तुझ्या वादीला शिडी लावून उतरायचं काय?

म्हणून मास्क लावतात. मास्क म्हणजे आकड्यांच्या रांगेशेजारी तेवढ्याच लांबीची दुसरी रांग, नुसती हो-नाहीची. आकडा खरा असेल तिथे नाही, खोटा असेल तिथे हो. ‘हो’ची घरं झाकली जातात, हिशेबाबाहेर राहतात. इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण पुढे आहे. झाकलेल्या घरांत भरायचं काय?

भरणं तसं एका ओळीचं काम. शून्य भर म्हटलं तर शून्य, सरासरी भर म्हटलं तर सरासरी. सगळ्यांची लाडकी रीत म्हणजे पोकळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा धरून मधे सरळ रेघ ओढायची. रेघ छान दिसते. तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही.

इब्रा गावाच्या पुढे एका वादीकाठी मजुरांची वसाहत उभी राहायची होती. काही शे माणसं तिथे झोपणार होती. ठेकेदाराला सपाट जागा हवी होती, आणि सपाट जागा वादीच्या कुशीतच होती. पाणी तिथवर येतं का, एवढं सांगायचं काम कल्पनाच्या कंपनीकडे आलं. कंपनीचं ऑफिस मस्कतच्याच हमरियात, खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि वर हे. मॅनेजर साकिबसर दापोलीकडचे, मस्कतात केस पिकलेले. माणूस वाईट नव्हता. कल्पनाला नोकरी त्यांनीच दिली होती, तिचा व्हिसाही त्यांच्याच सहीवर चालायचा. पण त्यांना गिऱ्हाईक नाराज झालेलं सोसत नसे.

कल्पनानं त्या वादीची कित्येक वर्षांची रांग उघडली, मास्क लावला आणि नेहमीप्रमाणे झाकलेल्या घरांकडे पाहत बसली. घरं विखुरलेली नव्हती. झुबक्यांनी होती. तिनं डोंगरातल्या पावसाची रांग काढून मास्कच्या शेजारी ठेवली. जिथे जिथे डोंगरात मोठा पाऊस, तिथे तिथे इकडे झाकलेलं घर. कोरड्या महिन्यांत एकही पोकळी नाही. यंत्र उन्हानं बिघडत नव्हतं की धुळीनं. वादीला पाणी आलं की ते मुकं होत होतं. पोकळीच्या अलीकडे घोट्याएवढं पाणी, पलीकडे घोट्याएवढं पाणी, आणि मधे जो पूर येऊन गेला त्याची खूण फक्त ते कोरं घर.

सरळ रेघ ओढली असती तर घोट्यापासून घोट्यापर्यंत गेली असती. पूर पुसला गेला असता.

तिनं साकिबसरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही रांगा पडद्यावर बोटानं जुळवून पाहिल्या. मग म्हणाले, बात पटण्यासारखी आहे, पण हे अनुमान झालं. अर्बाबला, म्हणजे मालकाला, आकडा लागतो. पुराचा नकाशा काढणारी प्रणाली पोकळी घेत नाही, आणि अहवाल या आठवड्यात द्यायचा आहे.

“भर आणि खलास कर, कल्पना,” ते म्हणाले. “दुनिया भरते.”

“दुनियेला भरू दे, सर. मी नाही भरणार.”

“कोऱ्या खान्यात तुझं काय अडकलंय?”

अडकलेलं पुष्कळ होतं, पण ते हमरियात सांगण्याजोगं नव्हतं.

कल्पना शाळेत होती तेव्हा गावात नळयोजनेसाठी पाहणी झाली. पाहणी करणारे ओढ्यापर्यंत आले. ऊन होतं, ओढ्यावर साकव नव्हता. त्यांनी अलीकडच्या घरांत पाणी किती येतं ते विचारलं, त्याची सरासरी काढली, आणि पलीकडच्या घरांपुढे तीच टाकली. बौद्धवाडीत एकही नळ नव्हता, कागदावर मात्र घरोघर पाणी आलं. योजना वाडीला वळसा घालून पुढे गेली. ग्रामसभेत हे वाचून दाखवलं तेव्हा हौसाबाई उभी राहिली. म्हणाली, “आमच्या घरांम्होरं काय लिवू नका. मोकळं सोडा. मोकळं दिसलं तर कोन तरी इचारील.” लोक हसले. सरपंचानं खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. वाडीत पाणी आलं ते फार उशिरा, आणि तेही ती दर सभेत उभी राहत गेली म्हणून.

त्या संध्याकाळी कल्पनानं आईला वादीची गोष्ट सांगितली. व्हिसाचंही सांगितलं, नोकरी गेली तर दोघींना परत जावं लागेल म्हणून. हौसाबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, त्या जागेवर माणसं निजणार ना? कल्पना हो म्हणाली. मग मला कशाला इचारतेस, हौसाबाई म्हणाली आणि पुन्हा ताटात बोटं फिरवू लागली.

दुसऱ्या दिवशी कल्पना यासिरबरोबर पिकअपमधून इब्राकडे निघाली. साकिबसरांना आकडा हवा होता ना, तो आणायला. वादी उन्हात चकाकत पडली होती. यंत्राची पेटी खांबावर, छातीच्या उंचीला. यासिरनं झाकण उघडलं तर तारांमध्ये वाळलेला गाळ. पेटी पाण्याखाली जायची, यंत्र बंद पडायचं आणि सुकलं की पुन्हा बोलायला लागायचं. यासिरनं गाळ बोटानं खरवडला आणि म्हणाला, बिचाऱ्याच्या तोंडात माती कोंबल्यावर तो बोलणार काय?

वसाहतीसाठी जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. इथे खोल्या, इथे स्वयंपाक, इथे नमाजाची जागा. त्या रेघांच्या मधोमध एक जुनी बाभळ उभी होती. कल्पनानं वर पाहिलं. फांद्यांत वाळलेलं गवत अडकलं होतं, काड्याकुड्या, प्लास्टिकच्या चिंध्या, सगळं एका बाजूला विंचरल्यासारखं. आणि त्यात एक रबरी चप्पल.

यासिर उंच माणूस. तो झाडाखाली उभा राहिला आणि त्यानं हात वर ताणला. चप्पल त्याच्या बोटांच्याही वर होती.

“ताई,” तो म्हणाला, “ही कोणी वर फेकलेली नाय.”

आसपासच्या आणखी झाडांवरही तशीच खूण होती, त्याच पातळीला. दोघांनी टेप आणि मोजपट्टी लावून ती मोजली, फोटो काढले. चुन्याच्या रेघा पावलांनी विस्कटणार नाहीत अशा बेतानं ते चालत होते. मग कल्पनाच्या लक्षात आलं, या रेघा इथे राहताच कामा नयेत, आणि ती मुद्दाम त्यांच्यावरून चालत गाडीकडे गेली.

ऑफिसात तिनं मूळ रांगेला हात लावला नाही. प्रत काढली. प्रतीतही पुराची घरं झाकलेलीच ठेवली. आलेखात रेघ घोट्यापाशी येते, तुटते आणि पुढे पुन्हा सुरू होते. तुटलेल्या जागेच्या वर तिनं एक आडवी लाल खूण केली: पाणी निदान इथवर आलं होतं. केव्हा, किती वेळ, ते ठाऊक नाही. आणि मास्क अहवालाला जोडला, म्हणजे काय मोजलेलं आणि काय अज्ञात, ते वाचणाऱ्यापुढे उघडं राहावं.

साकिबसरांनी अहवाल पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ठेकेदाराचे तीन फोन येऊन गेले होते. ते म्हणाले, “एका ओळीचं काम आहे. तू लिहीत नसशील तर मी लिहितो.”

“लिहा, सर. फक्त खाली माझं नाव आहे ते खोडा आणि तुमचं घाला.”

ती हे शांतपणे म्हणाली. साकिबसरांनी कीबोर्ड पुढे ओढला. बोटं त्याच्यावर ठेवली. ती तशीच राहिली. मग फोटोतल्या चपलेकडे त्यांची नजर गेली, आणि त्यांनी कीबोर्ड मागे सारला. शेवटी म्हणाले, फार जिद्दी आहेस, आणि अहवाल होता तसा पाठवून दिला.

बैठकीला ठेकेदार आला आणि जागेला मंजुरी देणारे ओमानी इंजिनियर खल्फान आले. खल्फान भराभर पानं उलटत होते. हिरवं, निळं, रंगीत, सगळं उलटत गेले. आलेखाच्या पानावर त्यांचा हात थांबला. ही रेघ इथे का तुटली, त्यांनी विचारलं.

साकिबसरांनी कल्पनाकडे पाहिलं. कल्पना उठून उभी राहिली. खरं तर बसूनही सांगता आलं असतं.

तिनं मास्क दाखवला, पाऊस दाखवला, पेटीतला गाळ दाखवला, झाड दाखवलं. ठेकेदार म्हणाला, एका चपलेवरून जागा बदलायची का? कल्पना म्हणाली, “चप्पल नको असेल तर रेघ तुम्ही ओढा. आणि वसाहतीतली पहिली खोली तुमची.” खल्फान हसले नाहीत. त्यांनी आलेखाचं पान वेगळं काढून घेतलं आणि मंजुरी नाकारली.

वसाहत रस्त्याच्या बाजूला, टेकाडावर गेली. ठेकेदारानं पुढचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. साकिबसरांनी कल्पनाला काही महिने गटारांच्या नकाशांवर बसवलं. तिनं ते मान खाली न घालता केलं, आणि तिथेही कोऱ्या जागा कोऱ्याच ठेवल्या. पुढे नव्या वादीचं काम आलं तेव्हा साकिबसरांनी फाइल आपणहून तिच्या टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, यल्ला, चल, तोड तुझ्या रेघा.

त्यानंतर इब्राच्या त्या वादीला मोठं पाणी आलेलं नाही. ठेकेदाराचा माणूस यासिरला भेटला की टोमणा मारतो, कुठाय तुमच्या मॅडमचा समुद्र? टेकाडावर राहणारी माणसं रोज चढ चढून दमतात. सिलिंडर खांद्यावर घेऊन वर जाताना, ही जागा ज्यानं निवडली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्यांना कल्पनाचं नाव ठाऊक नाही. यासिरनं हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं आणि कल्पनानं ते हसत हसत घरी आईला सांगितलं.

हौसाबाईनं चहा बशीत ओतला.

“देऊं देत शिव्या,” ती म्हणाली. “टेकाडावरनं देतायत ना? मग मानसं कोरडी हायत.”