लिंबू-मिरचीची तार आणि एसीची गळती

मित्रांनो, आज पार दमलोय, पण हे सांगून मोकळा होतो.

कशेळीला माझ्या गॅरेजवर सकाळी दापोड्याचे एक काका-काकू आले. गाडीचा एसी परत गरम हवा मारत होता. काका म्हणाले, "गॅस भर न् सोड भाऊ. उद्या लेकीला नि नातवाला हॉस्पिटलातून आणायचं हाय."

उन्हाळाभर ते जागोजागी नुसता गॅसच भरून घेत होते. अहो, एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, गळतो! हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

सगळ्या पाइपांना साबणाचा फेस लावला. कुठेच बुडबुडा नाही. शेवटी पुढची जाळी काढली, तर तिच्यामागच्या कंडेन्सरवर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या नळ्यांच्या चौकटीवर, तेलकट डाग आणि तिथेच बुडबुडे. लिंबू-मिरचीची तार जाळीतून आत घालून कंडेन्सरला आवळली होती. गाडीच्या हादऱ्यांनी घासून घासून तिनंच भोक पाडलं होतं.

काकांनी मला बाजूला घेतलं. "हिला सांगू नको. लेकीच्या काळजीनं दर शनवारी तीच बांधते. दगड लागला म्हण."

नवा कंडेन्सर बसवून गॅस भरेपर्यंत संध्याकाळ झाली. काकूंना म्हणालो, "दगड लागला होता."

काकूंनी हात जोडले. "बघ, लिंबू व्हतं म्हणून दगडावर निभावलं!" आणि पिशवीतून नवं लिंबू काढलं, तारेसकट.

तार मी ठेवून घेतली आणि लिंबू दोऱ्यानं नंबरप्लेटला बांधून दिलं. खरं सांगायचं त्राणच उरलं नव्हतं.

तुम्ही सांगितलं असतं?