कासारापुढे धरलेला हात

माझे खांदे मीच कमावलेले आहेत. असं म्हटलं की लोकांना वाटतं, ही तालमीत जात असणार. तालमीचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही. आमचं गाव पेणच्या बाजूला, धरमतरच्या खाडीला लागून, आणि घरातली सगळी माणसं मिठागरावर. तिथं कामाची वाटणी ठरलेली. पुरुष खारट पाण्यात उभे राहून लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायचे आणि बाया ते टोपल्यांत भरून डोक्यावरून बांधावर नेऊन टाकायच्या. मी मुलगा म्हणून जन्मले होते, त्यामुळे शाळा सुटल्याबरोबर माझ्या हातात फळी आली. मी ती ठेवून दिली आणि बायांच्या ओळीत जाऊन उभी राहिले.

मुकादम हसला, बापानं दोन ठेवून दिल्या. आई तेवढी म्हणाली, नेऊ दे त्याला, माझं ओझं हलकं होईल. मग कुणी काही बोललं नाही, कारण कामाला माणूस कुणालाही हवंच असतं. त्या ओळीत मी जितकी सुखी होते तितकी पुढे क्वचितच झाले. बाया नवऱ्यांच्या चहाड्या सांगायच्या, सासवांच्या नकला करायच्या, आणि मी मध्ये आहे म्हणून कुणी आवाज खाली करायचं नाही. डोक्यावर चुंबळ म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मिळायचा. तो मी जरा जास्तच सोडून घ्यायचे, कानांवरून खाली येईल असा. ओळीतून मला कुणी काढू नये म्हणून टोपली शिगोशीग भरून घ्यायचे आणि मान न हलवता चालायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. बाई व्हायला गेले आणि पैलवान होऊन बाहेर पडले.

पुढे रोह्याला आले. कंपनीत कंत्राटावर काम केलं, ते सुटलं, मग एका बाईच्या खानावळीत भाकऱ्या भाजायला लागले. शिफ्टवाल्यांचे डबे तिथून जायचे. बाई तोंडाची फटकळ, पण मी साडी नेसून आले त्या दिवशी तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, पदर खोच, जाळ आहे समोर. मुंबईच्या डॉक्टरांकडून गोळ्या सुरू झाल्या. चेहरा मऊ झाला, छाती भरली, केस तर आधीपासूनच चांगले होते. पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. खांदे, मान, दंड जागचे हलेनात. डॉक्टर म्हणाल्या, मांस थोडं उतरेल, हाड नाही उतरणार. मी म्हटलं, मग मांस तरी उतरवते.

मी एक वेळचं जेवण सोडलं, मग दीड वेळचं. भाकऱ्या भाजणारी बाई उपाशी, याच्यावर खानावळीत विनोद व्हायचे. रात्री दंडांना कापडाच्या पट्ट्या आवळून झोपायचे. पाण्याची कळशी उचलायची वेळ आली की मी दुसऱ्या कामाला लागायचे, उगीच एखादा स्नायू जागा व्हायचा. घेरी यायला लागली, केस गळायला लागले, दंड मात्र तसेच. उलट हडकल्यावर खांदे आणखीच दिसायला लागले. आरशावर मी एवढी चिडायचे की शेवटी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

त्यातच धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ती माझ्याहून पुष्कळ लहान. तिला आईनं मिठाला हात लावू दिला नव्हता, पेणला कॉलेजात पाठवलं होतं. नाजूक मान, उतरते खांदे. बाई म्हणजे काय, ते मी तिच्याकडे बघून ठरवलं होतं. आईचा फोन आला. बाप तोवर गेलेला होता, घरात आईचाच शब्द चालायचा. ती म्हणाली, करवली तू. नवरीच्या पाठीशी करवली म्हणून तिची बहीण उभी राहते, सगळ्या गावासमोर, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर. काका आणि मामा कुरकुरले होते, आईनं त्यांना गप्प केलं होतं. मी फोन ठेवून पोटभर रडले आणि दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं जेवणही बंद केलं. आयुष्यात एवढंच मागणं होतं, की त्या मांडवात माझ्याकडे बघून कुणाला शंका येऊ नये.

हळदीच्या सकाळी कासार आला. मांडवात चटई टाकून बसला आणि घरातल्या बाया एकेक करून त्याच्यापुढे हात धरायला लागल्या. नवरीचा चुडा भरून झाला, तिच्या मैत्रिणींचा झाला. त्यांच्या हातांत बांगड्या पाण्यासारख्या सरकत गेल्या. आई लांब बसून सुपात हळकुंडं निवडत होती. ती म्हणाली, आता मोठीला भर. मी हात पुढे केला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. कासारानं बोटं दाबली, अंगठा आत मुडपला, तेल लावलं, साबण लावला. बांगडी पेरांपाशी अडून बसली. तो म्हणाला, हात ढिला सोड. तो हात ढिला सोडायला मी कधी शिकलेच नव्हते. मग कट् झालं आणि माझ्या हाताच्या पाठीवरून रक्ताची बारीक रेघ आली.

हळदीच्या दिवशी बांगडी पिचणं बरं नाही, असं कुणीतरी पुटपुटलं. नवरीच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. कासार बिचारा पेटीत मोठं माप शोधत होता. आईनं सूप खाली ठेवलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ते मला दिसलं. पण मला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत मला सांभाळून घेणार, आणि ते मला सोसणार नव्हतं. मी उठले, पिशवी उचलली, हमरस्त्यावरच्या रामवाडीपर्यंत रिक्षानं आणि तिथून मिळेल त्या गाडीनं रोह्याला परत आले. करवली म्हणून मामाची मुलगी उभी राहिली. बहिणीनं फोन केले, मी उचलले नाहीत.

लग्नानंतर आई एकटी आली. एवढा प्रवास तिनं कधी केला नव्हता. अलीकडच्या निडी स्टेशनालाच रोहा समजून उतरली होती आणि पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसून राहिली होती. खानावळीच्या मागच्या खोलीत तिनं लग्नाचे लाडू काढले आणि मी खाल्ल्याशिवाय बोलायची नाही म्हणाली. मी एक खाल्ला. कित्येक दिवसांनी गोड खाल्लं होतं. ती माझ्याकडून काही ऐकायला आलेली नव्हती. तिनं चोळीची बाही वर सारली आणि हात माझ्यासमोर धरला.

आईला मी जन्मभर पाहत आले होते, पण तो हात मी तेव्हा पाहिला. दंड माझ्याएवढाच. पेरं जाड, मनगट रुंद, मानेमागे ओझ्यानं आलेला टणक उंचवटा. त्या ओळीतल्या सगळ्या बाया अशाच होत्या. त्यांच्यात राहायचं म्हणून मी जन्माचा हट्ट केला होता आणि त्या दिसतात कशा हेच मी पाहिलं नव्हतं.

आई म्हणाली, "कासारानं माझ्या हातात कधी नीट बांगडी चढवली नाय. माझ्या लग्नात तीन पिचल्या. तुला काय वाटलं गो, बायांचे हात कसे असतात?"

मी विचारलं, मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?

"बोलतच होते. सगळ्यांना सांगणार होते, हसू नका, माझ्यावर गेलीय. तू थांबलीस कुठं?"

ती त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मी आता दोन वेळा जेवते, कळशीही उचलते. बहीण माहेरी येते तेव्हा माझ्याशी नीट बोलते, मनात काही धरून नाही. पण तिचं लग्न एकदाच होणार होतं. त्या मांडवात सगळ्या गावासमोर आई मला आपली मुलगी म्हणणार होती, आणि ते ऐकायला मी तिथं नव्हते.