लोट्याच्या मशीनमधली उमा

तर आप्पा ठोसर कंपनीच्या बसमध्ये चढले, इथवर कालचं झालं होतं. सकाळची बस. आत कामगार मंडळी मांडीवर डबे घेऊन पेंगत बसलेली आणि त्यांच्यात धुवट धोतर, काळी टोपी, काखेत छत्री असे आप्पा. ड्रायव्हर म्हणाला, आप्पा, ही बस चिपळूणच्या बाजारात जात नाही, थेट लोट्याला जाते. आप्पा म्हणाले, ठाऊक आहे, सुनेच्या नावाचं काम आहे तिथे. ड्रायव्हरने वळून बायकांच्या बाकाकडे पाहिलं. ती सून खिडकीशी बसून बाहेर बघत होती, आणि हसू दाबल्यामुळे तिचे खांदे हलत होते.

ही सून म्हणजे बुरोंडीच्या शाळेतल्या आगाशे मास्तरांची उमा. मुंबईला मावशीकडे राहून संगणक शिकली आणि लोट्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात लागली. त्याला चार वर्षं झाली होती. सत्त्याऐंशीच्या वैशाखात आप्पांच्या भास्करशी तिचं लग्न झालं. ताम्हणात तांदूळ पसरले, भास्करने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, आनंदी. नाव आप्पांनी निवडलेलं. आंब्याच्या बागेतलं प्रत्येक झाड आप्पांना नावानिशी माहीत, त्यामुळे नाव ठेवण्याचा हक्क आपला, असं ते धरून चालत. घरात यमुनाबाई म्हणजे सासूबाई आणि भास्कर, दोघांनीही आनंदी म्हणायला सुरुवात केली, सूनही ओ देऊ लागली. प्रकरण तिथे मिटलं होतं.

पण दिवाळीच्या फराळाला भागोजी रहाटे आले. हे कारखान्यातल्या संगणक खोलीचे प्रमुख. चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, आमच्या उमाबाई नसत्या तर माझे केस आणखी गेले असते. आप्पांचा हात लाडवावर थांबला. आमच्याकडे उमाबाई कोण? रहाटे म्हणाले, ही काय, पाणी घेऊन आली ती. मशीनमध्ये त्यांचं नाव उमाच आहे. आप्पा त्या रात्री नीट जेवले नाहीत. सहा महिने झाले लग्नाला आणि मुलीचं नाव तिकडे तसंच! गावात चार माणसांना कळलं तर काय म्हणतील?

आता हे मशीनमधलं नाव म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. कारखान्यात एका वेळच्या मालात कुठलं रसायन किती घालायचं, याचा हिशेब संगणक करून कागदावर छापून देई. त्या हिशेबात कोणी अक्षर बदललं तर मशीन जुनं फेकून देत नसे. जुनं तळाला जपून ठेवी, नवं वर मांडी, आणि शेजारी नोंद करी की कोणी बदललं, केव्हा, कशासाठी. हे ‘कोणी’ ते कुठून आणी? प्रत्येकाची एक छोटी फाईल असे, आपल्या नावाची, आपल्या आवडीनिवडीची. त्यातून.

उमा लागली तेव्हा त्या खोलीत तिघं होते, आणि तिघांच्याही कामावर मशीन एकाच माणसाचं नाव दाखवत होतं. झालं असं होतं, की पहिल्या माणसाने आपली फाईल बनवली, दुसऱ्याने त्याच्याकडून उचलली, तिसऱ्याने दुसऱ्याकडून. शेजारच्या घरातून विरजण आणावं आणि आपल्या दुधाला लावावं, तसं. आत पहिल्याचं नाव आहे हे कोणाच्या ध्यानातच नाही. त्या बिचाऱ्याच्या माथ्यावर तिघांच्या चुका. उमाने आल्या आठवड्यात प्रत्येकाला शेजारी बसवून त्याची त्याची फाईल करून दिली, नाव घालून. एक जण कुरकुरला, म्हणाला, आता चूक झाली तर पकडले जाऊ. ती म्हणाली, हो, आणि बरोबर झालं तर तुमचंच म्हणतील.

ती स्वतः मात्र एक पाऊल पुढे होती. ‘कशासाठी’ या जागी बाकीचे ‘बदल केला’ एवढंच लिहीत. ती सविस्तर लिही. एकदा तिच्याच हातून आकडा दुप्पट पडला. माल भांड्यात जायच्या आधी तिनेच धावत जाऊन थांबवला, आणि नोंदीत लिहिलं, ‘माझी चूक होती, दुरुस्त केली.’ खाली आपलं नाव. ही गोष्ट खाली कारखान्यात पोचली. तिथे केरू शिगवण नावाचा जुना कामगार होता, रिअॅक्टरची म्हणजे त्या मोठ्या भांड्याची वाफ सोडणारा. केरूला इंग्रजी वाचता येत नसे. पण कागदाच्या तळाशी उमाच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं कशी दिसतात, ते त्याच्या डोळ्यांत बसलं होतं. ती दिसली की केरू निर्धास्त.

तर आप्पा लोट्याला पोचले. संगणक खोलीबाहेर चपला काढायच्या, ही रीत त्यांना फार पसंत पडली. आत गारवा. रहाट्यांनी खुर्ची दिली. आप्पांनी सरळ विषय काढला, की हिचं नाव बदला. रहाटे म्हणाले, ते मी नाही करत, ज्याची फाईल त्याने करायची. पण आप्पा, चार वर्षांचं काम उमाच्या नावावर आहे, ते तसंच राहणार. पुढचं काम कुणा दुसऱ्याचं दिसेल.

"दिसू दे," आप्पा म्हणाले. "कलम बांधलं की झाडाला कलमाचं नाव. ज्यावर बांधलं त्या खुंटाचं नाव कोण विचारतं?"

"मी विचारतो," रहाटे म्हणाले. ते शेतकऱ्याच्या घरातले. "खुंट कुठला ते बघितल्याशिवाय मी कलम विकत घेत नाही, आप्पा."

आप्पा खुर्चीवरून उठले नाहीत. उमाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ती चार वर्षांचं नाव सोडायला मुळीच तयार नव्हती, हे रहाट्यांना दिसत होतं. पण तिने वाद घातला नाही. आपली फाईल उघडली, खुर्ची बाजूला सरकवली आणि म्हणाली, आप्पा, तुम्हीच घाला. आप्पांनी चष्मा नाकावर ढकलला. ती एकेक कळ दाखवत गेली आणि ते एका बोटाने दाबत गेले. काचेवर हिरव्या अक्षरांत आनंदी ठोसर उमटलं तेव्हा आप्पांचा चेहरा लग्नात होता तसाच फुलला.

त्या सकाळी मालाच्या हिशेबात पाण्याचं प्रमाण किंचित बदलायचं होतं. उमाने ते बदललं, कारण लिहिलं, कागद छापला आणि तो खाली पाठवला. आप्पा चहा फुंकत बसले. चहा संपायच्या आत केरू जिना चढून दारात हजर. पायांत बूट, म्हणून उंबऱ्यातच उभा.

"रहाटेसायेब, ही कोन बाय? ह्यावर मी वाफ नाय सोडनार."

आप्पांनी मोठ्या हौसेने सांगितलं, "अरे, ही आनंदी. माझी सून."

"असंल, आप्पा. चांगलीच असंल." केरूने कागद पुढे धरला. "पन माजी तिची वळख नाय. आमची उमाताई कुठं गेली? सुटीवर हाय काय? तिला बोलवा, तिनं बघितलं म्हनजे मी जातो."

उमा त्याच्यापासून चार हातांवर बसली होती. ती म्हणाली, केरूदा, मीच ती, नाव बदललंय. केरूने तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. त्याला पटलं असावं. पण मान हलली ती नकारार्थीच. तो म्हणाला, ताई, तू इथं हायस म्हनून मला कळलं. रातपाळीवाल्याला कोन सांगनार? त्यानं जायाचं कुठं इचारायला? आणि कागद उंबऱ्यावर ठेवून तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. खाली भांडं भरलेलं, माणसं थांबलेली.

आप्पांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांच्या बागेतले गडी त्यांचा शब्द मानत, पण तो ते मालक म्हणून. आपल्या नावाखातर कोणी जिना चढून आलंय, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. या पोरीसाठी एक माणूस अडून बसला होता, आणि तोही तिच्यासमोरच.

"घाल बाई तुझं पहिलं," आप्पा म्हणाले. "मीच घातलं असतं, पण तुझा हात लवकर चालतो."

तिने तीन अक्षरं टाकली आणि पाण्याचा बदल त्या नावावर नव्याने नोंदवला. कागद पुन्हा छापला. केरूने तळाकडे पाहिलं, मान डोलावली, आप्पांना रामराम केला आणि धडधडत खाली उतरला. थोड्या वेळाने खालून वाफेचा सुस्कारा ऐकू आला.

आप्पांनी खुर्ची त्या हिरव्या अक्षरांजवळ ओढली. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, घरीसुद्धा आता उमाच म्हणायचं का तुला? ती कळांवरचे हात काढून त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली,

"म्हणा की, आप्पा. पण त्याआधी आज घरी गेलात ना, की आईंच्या शेजारी बसून त्यांना एकदा विचारा, माहेरी त्यांना कोणत्या नावाने हाक मारत."