आवाज बंद करून निवडलेला टॅब

पडदेकाकांनी आयुष्यात मिशी ठेवली नाही. गल्लीतल्या लोकांना ती आवड वाटायची. खरं कारण होतं त्यांची थोरली बहीण, अक्का. लहानपणी तापात तिचे कान गेले. तेव्हापासून ती माणसांच्या ओठांवरून बोलणं वाचायची. काकांना पहिली मिशी फुटली तेव्हा अक्का म्हणाली, "तुझे शब्द झुडपात अडकतात रे." त्याच दिवशी काका न्हाव्याकडे गेले आणि पुढे ते कायमचंच झालं.

त्या घरात बोलण्याची एक रीत होती. अक्का खिडकीकडे पाठ करून बसायची आणि बोलणारा खिडकीकडे तोंड करून, म्हणजे उजेड नेमका ओठांवर पडे. काकांच्या ही रीत इतकी अंगवळणी पडली की पुढे पडदे शिवायचा धंदा सुरू केल्यावर गिऱ्हाइकाला मापं सांगतानासुद्धा ते आधी उजेडाकडे वळत आणि मग तोंड उघडत.

अक्का आता दुसऱ्या गावी लेकीकडे असते. काका दर महिन्याला बसने जायचे. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जाणं थांबलं. मग फोनवर चेहरा बघून बोलणं सुरू झालं. सुरुवातीला बरं चाललं होतं. पण गेल्या काही महिन्यांत अक्का प्रत्येक वाक्याला नुसतं "हो, हो" म्हणू लागली. जी बाई काकांशी आयुष्यात एकदाही सहमत झाली नव्हती, ती मुकाट मान डोलावते म्हटल्यावर काकांनी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

एकदा त्यांनी मुद्दाम गंभीर चेहरा करून सांगितलं, "अक्का, माझ्या मिशीत उंदीर शिरलाय."

"हो, हो. छान झालं," अक्का म्हणाली.

शेजारी भाजी निवडणारी सून खो खो हसली. काका हसले नाहीत. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तिला माझं काही कळत नाहीये. अशीच मान डोलवत राहिली तर हळूहळू बोलणंच सोडून देईल."

"मामंजी, अहो, त्यांचा फोन केवढासा! मोठा टॅब घेऊन द्या त्यांना," सून म्हणाली. "आणि तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे कधी जाताय?" दुसरा प्रश्न काकांना ऐकू आला नाही.

मोबाइलच्या दुकानातल्या चष्मा लावलेल्या बाईंनी तीन टॅब काउंटरवर मांडले. एक त्याच आठवड्यात बाजारात आलेला, आणि दोन त्याच किमतीतले त्याचे प्रतिस्पर्धी. बॅटरी, रॅम, स्टोरेज असं सगळं त्या एका दमात म्हणून गेल्या.

"ताई, हे तिन्ही दारापाशी आणता का?" काका म्हणाले. "दुकानातल्या दिव्याखाली मी कधी कापड घेतलं नाही."

"काका, हे कापड नाहीये."

"डोळे तेच आहेत ना?"

बाई हसल्या आणि टॅब घेऊन दारापाशी आल्या. काकांनी तिन्हींवर बातम्या लावायला सांगितल्या, आवाज पूर्ण बंद करून. अक्काच्या संगतीत त्यांनाही ओठ थोडेफार वाचता येत. पहिल्या प्रतिस्पर्ध्याच्या काचेत बातम्यांपेक्षा रस्त्यावरची रिक्षाच जास्त दिसत होती. दुसरा जाडजूड, पडदा जरा फिकट. नव्यावर मात्र निवेदिकेचे ओठ ठसठशीत दिसत होते. ती "पाऊस" म्हणाली तेही काकांना कळलं. त्यांनी नवा घेतला आणि भाचीकडे पाठवून दिला.

टॅब पोचला, भाचीने तो टेबलावर आडवा टेकवून ठेवला, आणि काका नवा शर्ट घालून फोनसमोर बसले. अक्का मजेत दिसत होती. टॅब आडवा ठेवला की त्याचा कॅमेरा एका बाजूला जाई, म्हणून ती जराशी भिंतीकडे बघतेय असं वाटे, एवढंच.

"दिसतं का गं नीट?"

"हो, हो."

"माझ्या मिशीत उंदीर शिरलाय."

"हो तर! फार छान."

काकांचा चेहरा उतरला. आता कानांपाठोपाठ डोळेही गेले की काय? ते तिच्याकडे बघत बसले. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की अक्काच्या स्वेटरच्या गळ्याशी उसवलेला टाका आपल्याला इथून दिसतोय. त्यांच्या हातातला फोन जुनाट, तरीही टाका दिसतोय, कारण तिचं चित्र टिपणारा टॅब चांगला आहे. मग आपलं चित्र कोण टिपतंय? त्यांनी फोन उलटसुलट करून पाहिला. समोरच्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षांच्या ओरखड्यांची साय आता दाट झाली होती. पडदा चांगला हवा होता अक्काकडे, पण कॅमेरा चांगला हवा होता आपल्याकडे!

त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून फोनसमोर धरलं: मी कसा दिसतो?

अक्काने डोळे बारीक करून वाचलं. "पिठाच्या डब्यात पडल्यासारखा."

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" काका ओरडलेच. ते तिला कळलं नाही, पण हातवारे कळले.

"तू एवढ्या हौसेने पाठवलास," अक्का म्हणाली. "कुठल्या तोंडाने सांगू?"

काका पुन्हा दुकानात गेले. शिलाई मशीनची नवी मोटर पुढच्या वर्षावर गेली. या खेपेला त्यांनी बाईंनाच एकेका टॅबसमोर बसवलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला उभं राहून आपल्या फोनवर त्यांचे ओठ पाहिले.

"काय बोलू?" बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक डोकं खातं, असं म्हणा."

बाईंनी ते अगदी मनापासून म्हटलं. नव्या टॅबच्या कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा वळलेला, अर्धं तोंड सावलीत. चकचकीत काचेच्या टॅबच्या कॅमेऱ्यात ओठ आधी थबकत आणि मग एकदम पळत. जाडजूड, फिकट पडद्याच्या टॅबचा कॅमेरा मात्र लांब कडेच्या मधोमध होता. बाई त्यात सरळ समोर दिसत होत्या आणि "गिऱ्हाईक" स्वच्छ वाचता येत होतं. मागच्या खेपेला काकांनी ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तोच त्यांनी या खेपेला उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी टॅब खिडकीच्या चौकटीत उभा केला आणि उजेडाकडे तोंड करून बसले, लहानपणी बसत तसेच. अक्का पडद्यावर आली. ती पुढे वाकून त्यांचा चेहरा न्याहाळू लागली.

"अक्का," काका सावकाश म्हणाले, "माझ्या मिशीत उंदीर शिरलाय."

अक्काच्या कपाळाला आठी पडली. "आधी मिशी तर उगवू दे, मग उंदराचं बघू. आणि काय रे, हा पुढचा दात कधी पडला? मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

काकांनी पटकन तोंडावर हात नेला.

"हात काढ," अक्का दरडावून म्हणाली. "मला दिसत नाही."